ऐन कार्यक्रमात गिटार गप्प होते: दुसरी गिटार घेण्याआधी हे तपासा

दर वर्षी गणपतीच्या दिवसांत मला नव्याने वाजवू लागलेल्या मुलांचे फोन येतात. प्रश्न ठरलेला असतो. "दादा, कालच्या शोमध्ये परत आवाज गेला. बॅकअपला कुठली गिटार घेऊ?" मी आधी विचारतो, आवाज कशाने गेला? बहुतेकांना ते सांगता येत नाही. कुणीतरी वायर हलवली, आवाज आला, गाणं कसंबसं पार पडलं, एवढंच आठवत असतं. आजार कळला नसताना औषधाच्या दुकानात जायची ही घाई आहे, आणि तीच घाई मी स्वतः केलेली असल्यामुळे हे सविस्तर लिहितो आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका मंडळापुढे पंचमदांच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. अशा कार्यक्रमात गिटारवाल्याला लपायला जागा नसते. कितीतरी गाणी गिटारच्याच तुकड्याने उघडतात आणि तो तुकडा समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ असतो. दुसरं गाणं सुरू केलं आणि चौथ्या मात्रेला आवाज नाहीसा झाला. मागे स्टँडवर दुसरी गिटार होती, त्याच महिन्यात पैसे साठवून घेतलेली. ती गळ्यात घातली, जॅक खोचला, वाजवली. तरीही शांतता. गायिका माइक हातात घेऊन माझ्याकडे बघत होती. शेवटी कीबोर्डवाल्याने तो तुकडा वाजवला आणि गाणं पुढे गेलं. नंतर सापडलं ते असं की दोन पेडलांच्या (आवाज पालटणाऱ्या, पायाने दाबायच्या डब्यांच्या) मधली वीतभर पॅच केबल आतून तुटली होती. पहिली गिटार त्याच केबलमधून जात होती आणि दुसरीही तिथूनच जाणार होती. दुसऱ्या गिटारच्या पैशांत तसल्या कित्येक केबली आल्या असत्या.

बॅकअप म्हणजे दुसरी वस्तू, असं आपण धरून चालतो. मला पटलेलं असं आहे की बॅकअप म्हणजे आवाजाला स्पीकरपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता, आणि त्या रस्त्यावर गाण्यातला एक म्युझिक पीस वाजून होईपर्यंत वळता आलं पाहिजे. ज्याला पाच मिनिटं लागतात ती दुरुस्ती झाली. रात्री दहाला स्पीकर बंद करायचे असतात, गणपतीतल्या मोजक्याच दिवशी बारापर्यंत सूट मिळते. पाच मिनिटं गेली की कुणाचं तरी एक गाणं कापलं जातं, आणि ज्याचं कापलं जातं तो गायक महिनाभर त्याची तालीम करून आलेला असतो.

दोष कुठे आहे, हे दहा सेकंदांत

बोटापासून स्पीकरपर्यंतची साखळी डोळ्यांपुढे आणा. तार, पिकअप (तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणारा भाग), गिटारमधला व्हॉल्यूम आणि जॅकचा सॉकेट, पहिली केबल, ट्यूनर, बाकीची पेडलं, त्यांच्या मधल्या पॅच केबली, पेडलांना वीज देणारा अडॅप्टर, शेवटची केबल, अँप किंवा डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी छोटी पेटी), तिथून मिक्सरपर्यंत गेलेली वायर, आणि मिक्सरवर बसलेला माणूस. गिटार ही यातली एक कडी आहे, आणि खरं सांगायचं तर बरीच भक्कम कडी.

पेडलबोर्डवर सगळ्यांत पहिला ट्यूनर ठेवा. सूर लावायला तो लागतोच, पण दोष शोधायलाही त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. आवाज गेला की ट्यूनर दाबायचा आणि एक तार छेडायची. ट्यूनरवर सूर दिसला तर गिटार आणि पहिली केबल ठीक आहेत, दोष पुढे आहे. ट्यूनरचे दिवे लागलेत पण तार छेडूनही तो हलत नाही, तर दोष गिटारमध्ये किंवा पहिल्या केबलमध्ये आहे. ट्यूनर मुळी पेटतच नसेल तर वीज गेली आहे. एका पायाच्या दाबाने अर्धी साखळी बाजूला पडते. (आणि कधी कधी आवाज जायचं कारणच एवढं असतं की ट्यूनर चालू राहिला होता आणि म्यूट झाला होता. असल्या बिघाडांची मी एक वही ठेवतो, तिच्यात तीही नोंद आहे.)

दोष मागे, म्हणजे गिटार किंवा पहिल्या केबलमध्ये असेल तर आधी पहिली केबल बदला, मगच गिटार. उलटं केलं तर नव्या गिटारला तीच मेलेली केबल लागते. दोष पुढे असेल किंवा वीज गेली असेल तर पेडलबोर्डच्या नादी लागू नका. ट्यूनरमधला जॅक उपसायचा आणि सरळ डीआय बॉक्समध्ये खोचायचा. त्यासाठी पहिली केबल डीआयपर्यंत पोचेल एवढी लांब पाहिजे आणि डीआय तुमच्या पायापाशी पाहिजे. पुष्कळदा साउंडवाले डीआय मंचाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवतात. साउंड चेकलाच त्यांना सांगा, "दादा, डीआय इथे माझ्या उजव्या पायाजवळ द्या." कुणी नाही म्हणत नाही.

जॅक उपसताना स्पीकरमधून धाडकन आवाज येतो. मिक्सरवाल्याशी आधीच खूण ठरवा. आमच्याकडे मूठ वर केली की तो माझा चॅनेल बंद करतो आणि पंजा उघडला की चालू. त्याचं नाव विचारून घ्या, चहा एकत्र प्या. कार्यक्रमात तुमचा आवाज शेवटी त्याच्याच बोटाखाली असतो.

डीआयवर थेट गेल्यावर आवाज कोरडा आणि साधा येतो, पण स्वच्छ येतो आणि गाणं चालू राहतं. मात्र ओव्हरड्राइव्हचं (आवाज मुद्दाम फाडणारं) एखादं पेडल मधे ठेवून थेट मिक्सरवर जाऊ नका. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज फारसा पुढे जाऊ देत नाही. तो मधे नसला की ओव्हरड्राइव्हची सगळी किरकिर लोकांच्या कानात जाते. कॅबिनेटचा, म्हणजे गिटारच्या स्पीकरच्या पेटीचा परिणाम देणारं पेडल असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर साधा स्वच्छ आवाजच बरा.

आणि एक. दोष शोधायचा तो एवढाच, की कुठून वळसा घालायचा ते कळावं. बोर्ड उघडून कुठली पॅच केबल गेली हे बघायचं काम मध्यंतराचं.

आवाज येतो-जातो, खरखरतो

हा प्रकार पूर्ण बंद पडण्यापेक्षा जास्त छळतो, कारण साउंड चेकला सगळं नीट असतं. गिटारच्या सॉकेटचा नट हाताने फिरवून बघा. तो सैल झाला की सगळा सॉकेट आत गोल फिरतो आणि त्याला जोडलेल्या बारीक वायरींना पीळ पडतो. एक दिवस सोल्डर सुटतं. पान्याने नट आवळायला अर्धा मिनिट लागतो, पण आतला सॉकेट हाताने धरून आवळा, नाहीतर आवळता आवळताच वायर तुटते. केबल पट्ट्यातून ओवून मग जॅकला लावायची सवय ठेवा, म्हणजे कुणाचा पाय पडला तर झटका पट्ट्याला बसतो.

व्हॉल्यूमची कळ फिरवतानाच खरखर होत असेल तर तिच्यात धूळ किंवा गंज आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारा काँटॅक्ट क्लीनर मारून कळ वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर हे करावंच लागतं.

केबल तुटते ती जवळजवळ नेहमी जॅकच्या तोंडाशी. म्हणून जॅक उघडता येणारा घ्या, प्लास्टिक वितळवून बंद केलेला नको. न्यूट्रिकसारखे जॅक आणि मीटरवर मिळणारी चांगली वायर घेऊन सोल्डरिंग शिकून घेतलंत तर आयुष्यभराची सोय होते. पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर हे सामान मिळतं. लांबी सहा मीटरच्या आसपास ठेवा. केबलला स्वतःची कपॅसिटन्स असते, दर मीटरला साधारण शंभर पिकोफॅरड, आणि साध्या पिकअपच्या गिटारला लांबलचक केबल लावली की वरचे सूर बोथट होतात. बॅकअप केबल दहा मीटरची आणि नेहमीची पाच मीटरची असेल तर केबल बदलल्याबरोबर आवाजही बदलतो, आणि लोक समजतात की गिटारवाल्याचं काहीतरी बिघडलं.

वायरलेस वापरणाऱ्यांना एवढंच सांगेन, की बॅकअपची केबल अँपच्या मागे गुंडाळून ठेवू नका, मोकळी अंथरून ठेवा. स्वस्त वायरलेस संच पुष्कळदा २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय, ब्लूटूथ आणि मोबाइलचे हॉटस्पॉट तिथेच असतात. दुपारी रिकाम्या मैदानात तो उत्तम चालतो आणि रात्री हजार मोबाइल आले की अडखळतो. त्याचा दोष नाही, जागाच गर्दीची आहे.

गुणगुण आणि झिणझिण्या

आपल्याकडची वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. वीज सिग्नलमध्ये शिरली की त्याच ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा जाड घुमारा ऐकू येतो. दोष कुठला हे कळायला गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. गुणगुण थांबली तर ती पिकअपमधून येते आहे. मग स्वतःभोवती थोडं वळून बघा, एका दिशेला ती कमी होईल. हल्ली मंचामागे एलईडीची भिंत असते, शिवाय दिव्यांचे डिमर असतात, आणि एका कॉइलचे पिकअप हे सगळं टिपून घेतात. उपाय म्हणजे त्या भिंतीपासून दूर उभं राहणं किंवा दोन कॉइलचा हंबकर पिकअप. म्हणूनच माझ्या बॅकअप गिटारला मागच्या बाजूला हंबकर आहे. मुख्य गिटार त्या जागी फारच गुणगुणायला लागली तर गुपचूप ही घेतो.

व्हॉल्यूम शून्यावर आणूनही घुमारा तसाच राहिला तर गिटारचा काही संबंध नाही. दोष पेडलांच्या अडॅप्टरचा किंवा अर्थ लूपचा, म्हणजे अर्थिंगच्या दोन वाटा जुळून झालेल्या फेऱ्याचा. अँप विजेच्या एका बोर्डवर आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डवर असला की हे होतं. डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. हे बटण सिग्नलच्या वायरीचं कवच सोडवतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही, त्यामुळे सुरक्षित आहे.

प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकून गुणगुण घालवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो कधीही ऐकू नका. मांडवातली वीज तात्पुरती असते, जनरेटर असतो, पावसाने जमीन ओली असते. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्झी शहरात लेस हार्वी हा स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक मंचावरच विजेचा झटका बसून गेला. एका हातात गिटारच्या तारा आणि दुसरा हात अर्थिंग नसलेल्या माइकला, एवढंच निमित्त झालं. तारेवर बोट असताना माइकला ओठ किंवा हात लागून झिणझिण्या आल्या तर तिथेच वाजवणं थांबवा, मिक्सरवाल्याला सांगा, बोर्ड तपासल्याशिवाय परत सुरू करू नका. आयोजक घाई करतील. करू देत. माझ्या पिशवीत टेस्टर आणि सॉकेटचं अर्थिंग दाखवणारा छोटा तीन दिव्यांचा प्लग असतो, आणि गिटार बाहेर काढायच्या आधी तो बाहेर निघतो.

वीज

मांडवात माझा आवाज एकदा कशाने गेला असेल? एका कार्यकर्त्याने मोबाइल चार्जिंगला लावायला माझ्या अडॅप्टरचा प्लग काढला होता. बिचाऱ्याला काय ठाऊक. तेव्हापासून माझा एक्स्टेंशन बोर्ड मी घरून नेतो, त्यावर ठळक अक्षरांत "मंच – काढू नये" लिहिलेली चिकटपट्टी आहे, आणि तो माझ्या डोळ्यांसमोर असतो.

पेडलांना बहुतेक ९ व्होल्ट डीसी लागतो, मधली पिन ऋण. कीबोर्डचा अडॅप्टर दिसायला अगदी तसाच असतो, पण कितीतरी वेळा तो १२ व्होल्टचा आणि उलट ध्रुवाचा असतो. अंधारात घाईने तो खोचला तर पेडल कायमचं जातं. स्वतःच्या अडॅप्टरला आणि त्याच्या बॅकअपला एकाच रंगाची पट्टी लावा. बॅकअप अडॅप्टर किती मिलिअँपिअर देतो हेही बघा. साधं ओव्हरड्राइव्ह फारच थोडा करंट घेतं, पण डिजिटल मल्टिइफेक्टला (अनेक इफेक्ट एकात असलेल्या पेडलला) काही शे मिलिअँपिअर लागतात.

जनरेटरवर व्होल्टेज झोके खातं. हॅलोजन आणि धुराचं यंत्र एकदम चालू झालं की क्षणभर व्होल्टेज पडतं. ट्यूब लुकलुकते, पण मल्टिइफेक्ट पहिल्यापासून सुरू होतो आणि तेवढे सेकंद तुम्ही गप्प. असं तुमच्याकडे वारंवार होत असेल तर कॉम्प्युटरला लावतात तसला छोटा यूपीएस घ्या, किंवा पॉवर बँकेवरून ९ व्होल्ट देणारी केबल. पॉवर बँकेची एक खोड लक्षात ठेवा. फारच कमी करंट ओढला तर काही पॉवर बँका आपोआप झोपतात. घरी तासभर चालवून बघितल्याशिवाय मंचावर नेऊ नका.

तार तुटते

एखादी तार कधीतरी तुटणारच. तीच तार पुन्हा पुन्हा तुटत असेल तर मात्र तो योगायोग नाही. तुटलेलं टोक फेकू नका, ते कुठून तुटलं ते बघा. ब्रिजच्या सॅडलवर (गिटारच्या अंगावर तार टेकते तिथे) तुटली असेल तर तिथे धातूची कड उभी राहिली आहे. बारीक पॉलिश पेपरने ती मोडा. खुंटीपाशी तुटत असेल तर खुंटीच्या भोकाची कड धारदार आहे. नटमध्ये (मानेच्या टोकाला तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीत) तुटत असेल, किंवा सूर लावताना टिक असा आवाज होऊन तार एकदम पुढे उडी मारत असेल, तर नटची खाच अरुंद आहे. माझ्या एका गिटारला वर्षभर हा त्रास होता. शेवटी ती मिरजेला एका सतारमेकरांकडे नेली. तंबोऱ्याच्या जवारीवर ज्यांचा हात बसलेला आहे त्यांना गिटारच्या नटची खाच म्हणजे काहीच नाही. त्यांनी हाडाचा नट बसवला, खाचा घासल्या आणि तारेवर बोट फिरवून म्हणाले, "आता ही अडणार नाही." त्या नटवर नंतर एकही तार तुटली नाही.

अकूस्टिक गिटारवर पहिल्या तारेइतकीच तिसरीही तुटते, कारण गुंडाळलेल्या तारांमध्ये तिचा आतला गाभा सगळ्यांत बारीक असतो. म्हणून पूर्ण सेटच्या बरोबरीने सुट्ट्या पहिल्या आणि तिसऱ्या तारा ठेवा. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी नवा सेट घालू नका. नवी तार ताणत राहते. दोन दिवस आधी घाला आणि हाताने ताणून घ्या.

१९८५ च्या फार्म एड कार्यक्रमात बी. बी. किंग यांची तार तुटली आणि गाता गाता त्यांनी मंचावरच नवी बसवली. ते जमलं, कारण ते गाताना वाजवत नसत. वाद्यवृंदात आपल्याला तशी मोकळीक नसते. पहिली तार गेली तर तिच्यावरचा प्रत्येक सूर दुसऱ्या तारेवर पाच पडदे पुढे सापडतो. तिसरी गेली तर तो सूर चौथ्या तारेवर पाच पडदे पुढे, किंवा दुसऱ्या तारेवर चार पडदे मागे. महत्त्वाचे तुकडे असे दोन ठिकाणी बसवून ठेवा. हा बॅकअप फुकट आहे आणि पिशवीत जागाही घेत नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी पहिली तार सोडून पाच तारांवर सगळी यादी एकदा वाजवतो.

हे फ्लॉइड रोजसारख्या तरंगत्या ब्रिजवर चालत नाही. तिथे एक तार तुटली की तिचा ताण जातो, मागच्या स्प्रिंगा ब्रिज ओढून घेतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. अशी गिटार मुख्य असेल तर दुसरी गिटार खरोखर लागते, आणि ती स्थिर ब्रिजचीच लागते.

आता दुसरी गिटार

केबली, पॅच केबली, पॅसिव्ह डीआय बॉक्स, अडॅप्टर, बॅटऱ्या, तारा. हे सगळं झाल्यावर पैसे उरले तर गिटार. पॅसिव्ह डीआय मी मुद्दाम म्हणतो, कारण त्याला वीज लागत नाही. अ‍ॅक्टिव्ह डीआयला बॅटरी किंवा मिक्सरमधून ४८ व्होल्टची फँटम वीज लागते. सगळं बंद पडलं तरी चालू राहील असं निदान एक काहीतरी पिशवीत असावं.

बॅकअप गिटार सुंदर नसली तरी चालते, पण हाताला अनोळखी नको. मानेची लांबी बघा. फेंडर जातीच्या गिटारची स्केल, म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी, साधारण ६४८ मिलिमीटर, गिब्सन जातीची ६२८ च्या आसपास. गाणं चालू असताना एकीवरून दुसरीवर गेलं की पडद्यांचं अंतर बोटांना चकवतं. मुख्य गिटारवर दहा नंबरच्या (जाडीच्या) तारा असतील तर हिच्यावरही दहाच्याच. पिकअपचा जोर साधारण सारखा असावा. हिचा आवाज दुप्पट आला तर मिक्सरवाल्याचे हात भरतात आणि ओव्हरड्राइव्हचाही पोत बदलतो. साउंड चेकला दोन्ही गिटारी वाजवून दाखवा. हे जवळजवळ कुणीच करत नाही.

तिला स्वतःचा पट्टा पाहिजे, लांबी जुळवून लावलेला. एकाच पट्ट्यावर दोन गिटारी म्हणजे बॅकअप नाही. कॅपोही (सूर चढवायला मानेवर लावायचा चिमटा) दोन. आपल्याकडे तेच गाणं ताई काळी चारमध्ये गातात आणि दादा पांढरी एकमध्ये, त्यामुळे कॅपो हरवला तर अर्धी यादी अडते.

तुम्ही इलेक्ट्रिक आणि अकूस्टिक दोन्ही नेत असाल तर कदाचित तिसरी घ्यायची गरजच नाही. माझ्या मल्टिइफेक्टमध्ये इलेक्ट्रिकवर अकूस्टिकसारखा लागणारा एक पॅच (आधीच जुळवून ठेवलेला आवाज) शेवटच्या नंबरला ठेवलेला असतो, आणि अकूस्टिकची स्वतःची वेगळी डीआय असते. अकूस्टिक गेली तर तो पॅच. इलेक्ट्रिक गेली तर ऱ्हिदम अकूस्टिकवर आणि सोलो कीबोर्डवाल्याकडे. दोघींचे रस्ते मिक्सरपर्यंत वेगळे आहेत, हे त्यातलं महत्त्वाचं.

व्हॉल्व्ह अँप नेणारे आता थोडे उरले आहेत. त्यांनी मागे छापलेल्या आकड्याचाच फ्यूज सोबत ठेवावा, आणि स्पीकर न जोडता अँप चालू करू नये. दुसरा अँप टेंपोत घालून नेण्यापेक्षा एक छोटं अँपचा आवाज देणारं पेडल पिशवीत असलेलं बरं.

हवा

भाद्रपदात हवा दमट असते. मांडवात घाम आणि गरमी, वातानुकूलित नाट्यगृहात गारठा. गारठ्यात पोलादी तार आखडते आणि सूर चढतो, दिव्यांच्या उष्णतेत सैल होऊन उतरतो. बॅकअप गिटार खोक्यात बंद असेल तर ती वेगळ्या हवेत असते, आणि बाहेर काढल्यावर बेसूर निघते. तिला कार्यक्रमाच्या तासभर आधीपासून मंचावर स्टँडवर ठेवा आणि मध्यंतरात परत सूर लावा. तिच्या ताराही बदला. वर्षभर वाजवली नाही म्हणून तारा चांगल्याच असतील असं नसतं. पावसाळ्यात त्या न वाजवताच गंजतात.

माणसं

त्या रात्री मला कीबोर्डवाल्याने वाचवलं, आणि ते आधी ठरलेलं नव्हतं. आता आम्ही ठरवतो. गिटारने उघडणाऱ्या गाण्यांना तो गिटारचा पॅच हाताशी ठेवतो. मी उजवा हात तारांवरून उचलून छातीशी नेला की पुढचा तुकडा त्याचा. निवेदकाकडे मी दोन-तीन मिनिटांचा एखादा किस्सा राखून ठेवायला सांगतो, गाण्यामागचा, संगीतकाराचा. तार बदलायची वेळ आली की मी त्यांच्याकडे बघतो, आणि लोकांना वाटतं की किस्सा इथेच होता. त्यांची आमची ही समजूत साउंड चेकच्या वेळी दोन वाक्यांत होते.

घरी एकदा सगळं जुळवून मोबाइलवर वेळ लावा. पहिली केबल बदला. थेट डीआयवर जा. गिटार बदला. खोलीतले दिवे घालवून परत करा, कारण मंचावर गाण्यांच्या मधे अंधार असतो. डीआयवर जायला मला पहिल्यांदा खूप वेळ लागला होता, कारण जॅक बोर्डच्या खालून ओवलेला होता. तो वरून घेतला आणि प्रश्न सुटला. असलं घरीच कळतं.

वहीत मी तारीख, ठिकाण, काय झालं, कशामुळे झालं आणि कशाने सुटलं, एवढंच लिहितो. सगळ्यांत जास्त नोंदी केबलींच्या आहेत, त्यानंतर विजेच्या, मग तारांच्या. गिटार स्वतः खराब झाल्याच्या नोंदी शोधाव्या लागतात. तुमची वही कदाचित वेगळं सांगेल. गोव्यातल्या लग्नांत रात्रभर वाजवणारा माझा एक मित्र समुद्राकाठच्या हवेने बेजार आहे. त्याचा पहिला खर्च तारा आणि सॉकेट साफ करण्यावर होतो.

कार्यक्रम संपल्यावर हार, फोटो, जेवणाची घाई असते, तरी आधी दोन्ही गिटारींचे जॅक काढा. अकूस्टिकच्या प्रीअँपची ९ व्होल्टची बॅटरी जॅक आत असेपर्यंत चालू राहते. रात्रभर तो आत राहिला तर दुसऱ्या दिवशीच्या गावात बॅटरी उतरलेली निघते आणि आवाज फाटायला लागतो. बॅटरीवर ती घातल्याची तारीख पेनने लिहून ठेवा आणि नवी एक पट्ट्याच्या खिशात टाका.